पायाच्या शिरांना फोमचं इंजेक्शन घ्यायचंय? मग आधी हे वाचा

माझं सलून आहे. कात्री हातात धरून २४ वर्षं झाली, सकाळी ८ ला शटर वर आणि रात्री ९ ला खाली, मधे जेवणापुरतं टेकलो तर टेकलो. त्यामुळे व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा, मला नाही होणार तर कुणाला होणार. २०११ ला डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, जुन्या पद्धतीचं, जांघेत चिरा देऊन मेन शीर ओढून काढतात ते. आठ-दहा वर्षं बरी गेली आणि मग त्याच पायावर गुडघ्याच्या आतल्या बाजूला गांडुळांचा गुंता पडावा तशा शिरा परत वर आल्या. गेल्या हिवाळ्यात त्यावर फोम स्क्लेरोथेरपी (शिरेत औषधाचा फेस टोचून ती बंद करायची) करून घेतली, दोन सिटिंग झाली, आणि तेव्हापासून खुर्चीत बसलेलं कोणी ना कोणी रोज पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवतं नि विचारतं, दादा, मी पण करू का हे?

रोज तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या पायाचं तुमचा डॉक्टरच ठरवणार. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला काय काय लागतं, कुठे फसायला होतं, ते मला आता बऱ्यापैकी कळलंय. आणि एक आधीच सांगतो, लोक सुईला घाबरतात पण सुई हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, पंधरा-वीस मिनिटांचा. खरं काम तिच्या आधी आणि तिच्या नंतर आहे.

शीर फुगते म्हणजे होतं काय

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम शिरांचं. पोटरीचा स्नायू चालताना पंपासारखा दाबतो आणि रक्त वर चढवतो, आणि चढलेलं खाली पडू नये म्हणून शिरेच्या आत जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटरीचा फुटवॉल लीक झाला की पाइपातलं सगळं पाणी परत विहिरीत जातं ना, अगदी तोच प्रकार. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त वरून खाली कोसळतं, साचतं, शीर ताणते, वाकडीतिकडी होते आणि कातडीखाली दिसायला लागते. बहुतेकांची गळती जांघेत सुरू होते, तिथून घोट्यापर्यंत येणारी जी लांब शीर आहे तिच्यात. काहींची गुडघ्याच्या मागे सुरू होते.

त्रास संध्याकाळचा जास्त. पाय भरून येतात, घोट्याला सूज, मोज्याचा वळ तासभर जात नाही, रात्री पोटरीत गोळे येतात, खाज सुटते. पुढे घोट्याच्या वर आतल्या बाजूची कातडी काळपट आणि चामड्यासारखी कडक होते आणि त्यानंतर जखम होते ती महिनोनमहिने भरत नाही. डॉक्टर याची पायरी सी १ ते सी ६ अशी लिहितात: केसासारख्या लाल-जांभळ्या रेषा म्हणजे सी १, फुगलेल्या शिरा सी २, सूज सी ३, कातडी बदलली की सी ४, भरून आलेली जखम सी ५ आणि उघडी जखम सी ६. माझा सी ४ होता. तुमचा सी २ असेल आणि काहीच दुखत-खुपत नसेल तर उद्याच्या उद्या सुई टोचून घ्यायची काही घाई नाही.

पहिली पायरी: डॉप्लर, आणि तो उभं राहून

डॉप्लर म्हणजे शिरेत रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. ती कशी करायची, हे मी तीनदा लिहायला तयार आहे. उभं राहून. उभं राहून. उभं राहून.

माझी पहिली सोनोग्राफी एका सेंटरला झाली, तिथे मला झोपवून प्रोब फिरवला, पाच मिनिटांत आवरलं आणि रिपोर्ट आला नॉर्मल. पायावर गांडुळं दिसतायत आणि कागदावर नॉर्मल! वर्षभर मी तो कागद धरून बसलो, क्रीम लावत. दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतः टेबलावर उभं केलं, सगळं वजन उजव्या पायावर टाकायला सांगितलं, डाव्या पोटरीला हाताने दाबलं आणि सोडलं. दाबलं की स्क्रीनवर रक्त वर जाताना दिसतं, सोडल्यावर ते तिथेच थांबायला हवं, माझं उलटं धबधब्यासारखं खाली आलं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं की झडप गळते असं धरतात. झोपल्यावर खाली पडायला उतारच नाही तर गळती दिसणार कुठून.

रिपोर्टमध्ये काय काय आहे ते बघून घ्या. खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, जुनी गुठळी आहे का, गळती नेमकी कुठून सुरू होते, त्या शिरेची जाडी किती मिलिमीटर, आणि वरच्या शिरांना खोल शिरांशी जोडणाऱ्या जोडशिरा गळतायत का. चांगला डॉक्टर पायाचं चित्र काढून त्यावर बाणाने दाखवतो. आणि कोणी नुसतं वरून बघून "या फुगलेल्या शिरेत दोन इंजेक्शनं मारू, झालं" असं म्हणालं तर सरळ चप्पल घालून बाहेर या. वरचा गुंता जाळला आणि जांघेतला नळ तसाच चालू ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत नवा गुंता तयार होतो.

जायचं कुणाकडे, तर व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचा सर्जन) किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्क्रीनवर बघत सुई-वायरने उपचार करणारा). फोमचं इंजेक्शन सोनोग्राफीवर बघत बघत द्यायचं असतं, त्यामुळे मशीन आणि ते चालवणारा हात दोन्ही एकाच खोलीत पाहिजे.

फोमच का? लेसर का नाही?

हा प्रश्न तुम्ही विचाराच, लाजू नका. शीर बंद करायचे मार्ग बरेच आहेत. लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे आतून वायर घालून उष्णतेने शीर बंद करणं, मग फोम, मग जुनं ऑपरेशन, आणि आता ग्लू पण आलाय. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याला जी नाइस नावाची संस्था सल्ला देते तिने २०१३ मध्ये क्रम लावून दिला: आधी उष्णतेवाला उपाय, तो जमत नसेल तर सोनोग्राफीखाली फोम, आणि तोही जमत नसेल तर ऑपरेशन. तिकडेच ७९८ पेशंटवर लेसर, फोम आणि ऑपरेशन अशी तुलना झाली, ५ वर्षांनंतरचा निकाल २०१९ मध्ये आला, आणि पायाच्या त्रासाच्या हिशोबात लेसर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा बरे निघाले. म्हणजे तुमची पहिलीच वेळ आहे, जांघेपासून सरळसोट लांब शीर गळतेय आणि लेसर परवडतोय, तर डॉक्टर बहुतेक तेच सांगतील, आणि त्यात ते तुम्हाला लुटतायत असं काही नाही.

मग फोम कुणाला? माझ्यासारख्याला. मेन शीर आधीच काढलेली, उरलेल्या फांद्या एवढ्या वेड्यावाकड्या की त्यात लेसरची वायर शिरतच नाही. फोम मात्र कुठल्याही वळणातून जातो. शिवाय वयस्कर माणसं ज्यांना भूल नको, लेसर झाल्यावर उरलेले गुंते, आणि घोट्याजवळच्या जखमेखाली पसरलेलं शिरांचं जाळं, या ठिकाणी फोम कामाचा. जखमवाल्यांनी तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनमध्येच ४५० जखमवाल्या पेशंटवर अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला, दाबाच्या घट्ट पट्टीसोबत शिरा लवकर बंद केल्या त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली आणि आधी पट्टीच चालू ठेवलेल्यांची ८२ दिवसांत. शिरा बंद करायला त्यात फोमही वापरला होता. तेव्हा आमच्या गल्लीतल्या अण्णांसारखं दीड वर्ष नुसतं ड्रेसिंग करत बसू नका.

फोमची कमजोरी पण सांगतो. बंद झालेली शीर काही जणांची परत उघडते, आणि एका सिटिंगमध्ये काम होईलच असं नाही. दोन-तीन लागतील असं मनात धरूनच जा.

काय लपवायचं नाही

पहिल्या भेटीत हे सगळं स्वतःहून सांगा, विचारलं नाही तरी. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का. गर्भ आहे का, बाळ अंगावर पितंय का. गोळ्या कुठल्या चालू आहेत, त्यात गर्भनिरोधक आणि हार्मोनच्या पण आल्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. औषधांची ॲलर्जी, दमा. चालताना पोटरी आवळून येते का, कारण पायाच्या धमन्या अरुंद असतील तर नंतर घालायच्या घट्ट स्टॉकिंगने (पाय दाबून धरणारा लांब मोजा) उलटा अपाय होतो, आणि विडी-सिगारेटवाल्यांनी हे खास सांगावं.

आणि दोन गोष्टी लोकांना कधीच सुचत नाहीत: डोळ्यासमोर चमकणारं मायग्रेन, आणि हृदयाला जन्मापासूनचं भोक. यांचा पायाशी काय संबंध, असं मला पण वाटलं होतं. तर फोम म्हणजे बुडबुडे, त्यातले थोडे रक्तातून हृदयापर्यंत पोचतातच, एरवी ते फुप्फुसात गाळले जातात, पण हृदयाच्या पडद्यात भोक असेल तर सरळ मेंदूकडे जाऊ शकतात. क्वचित घडतं, पण घडतं. त्या भोकाचा त्रास आधीच माहीत असेल तर फोम टाळतात.

गरोदर बायकांनी थांबावं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात, उरतील त्यांचं नंतर बघता येतं.

तारीख कधीची घ्यायची

डॉक्टर म्हणतील कधीही या. माझं ऐका, थंडीत जा. नंतर मांडीपर्यंतचं घट्ट स्टॉकिंग घालायचंय, ते एप्रिल-मेच्या उन्हात घालून दाखवावं कुणी. मी पौष महिना धरला, लग्नाचे मुहूर्त नसतात, दुकानात नवरदेव नाहीत, गर्दी निम्मी. आणि सोमवार घेतला कारण सोमवारी आमचं दुकान बंदच. आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांनी तर पावसाळा तोंडावर आल्यावर धावू नका, दुसरं सिटिंग आणि नंतरचा डॉप्लर धरून आरामात चार-पाच महिने हातात ठेवा.

पुढचे एक-दोन महिने लांबचा विमानप्रवास किंवा रात्रभराची बस ठरलेली असेल तर तेही तारीख घेतानाच सांगा.

स्टॉकिंग आधीच आणून ठेवायचं. बहुतेक वेळा क्लास २ लिहून देतात, त्याचा दाब २३ ते ३२ एमएमएचजी (बीपी मोजतात तेच माप). माप सकाळी द्यायचं, सूज नसताना: घोटा, पोटरी, मांडी, तिन्हीचा घेर आणि लांबी. "मीडियम द्या" म्हणून आणलेलं स्टॉकिंग म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी. माझं पहिलं तसंच वाया गेलं, मांडीवरून घसरून गुडघ्यात गोळा व्हायचं.

पैशाचं पण आत्ताच बोलून घ्या. सांगितलेला आकडा एका सिटिंगचा की पूर्ण पायाचा, दुसऱ्यांदा फोम लागला तर वेगळे का, नंतरचा डॉप्लर आणि स्टॉकिंग त्यात धरलंय का. मेडिक्लेम असेल तर हे डे-केअरमध्ये (रात्री भरती न राहता होणाऱ्या उपचारांत) बसतं का ते कंपनीकडून आधी लेखी घ्या. नुसत्या बारीक जांभळ्या रेषांसाठी करत असाल तर ते दिसण्यासाठी केलं असं धरून क्लेम नाकारतात, म्हणून सूज, काळी कातडी यांचे फोटो आणि डॉप्लर फाइलला लावलेले बरे. सरकारी योजनेचं त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, तो तिथल्या तिथे सांगतो.

तारखेची वाट बघताना

दुकानात मला आजवर जळवा, व्हिनेगर, कोबीची पानं आणि कुठल्याशा झाडाचा चीक एवढे उपाय मिळालेत. जळू रक्त पिते, झडप दुरुस्त करत नाही. कडक तेल-मालिश तर नकोच, विशेषतः शीर लाल आणि दोरीसारखी टणक लागत असेल तेव्हा.

एक मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फुगलेली शीर कधी कधी फुटते, बऱ्याचदा बाथरूममध्ये गरम पाण्याने, आणि रक्ताची चिळकांडी उडते. बघणारा हबकतो आणि वर मांडीला दोरी आवळतो. ते करू नका. तिथेच फरशीवर झोपायचं, पाय खुर्चीवर उंच, स्वच्छ फडकं घेऊन त्या जागी घट्ट दाबायचं, दहा-पंधरा मिनिटं, मधे उचकून बघायचं नाही. मग दवाखाना.

त्या दिवशी

पायाला तेल, क्रीम काही लावून जाऊ नका, पेनाच्या खुणा टिकत नाहीत. सैल पँट, सैल चप्पल-बूट, सोबत एक माणूस. मला नाश्ता करून यायला सांगितलं होतं कारण पूर्ण भूल नव्हतीच, तुम्ही तुमचं विचारून घ्या.

आधी परत उभं केलं आणि मार्करने शिरांचा नकाशा काढला. मग झोपवलं, प्रोब लावून शीर शोधली आणि दोन ठिकाणी बारीक सुया घालून चिकटपट्टीने बसवल्या. आणि मग जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण तो माझ्या धंद्याचा विषय.

फेस! दोन सिरिंज, मधे नर्सबाई ज्याला थ्री-वे म्हणतात तो छोटा तीन तोंडांचा नळ. एका सिरिंजमध्ये औषध, दुसरीत हवा, एक भाग औषधाला चार भाग हवा. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, साधारण वीस वेळा सटासट ढकललं आणि पाण्यासारखं औषध दाट पांढरं झालं, थेट दाढीचा फोम. ही युक्ती टेसारी नावाच्या इटालियन डॉक्टरची, २००० च्या आसपासची, म्हणून टेसारी पद्धत. औषध म्हणजे सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, नाहीतर पोलिडोकॅनॉल. दोन्हीही जातीने साबणासारखीच, म्हणून तर फेस होतो. आणि फेस जसा वाटीत ठेवला की बसतो तसाच हा पण दोन-चार मिनिटांत विरून परत पाणी होतो, त्यामुळे बनवला की लगेच टोचायचा. डॉक्टरांना म्हटलं, सर, आमच्याकडे पण ब्रश जास्त फिरवला की फेस टिकतो. ते हसले, पण हात थांबवला नाही.

फेसच का, तर पातळ औषध रक्तात मिसळून पाणचट होतं आणि वाहून जातं. फेस मात्र रक्ताला पुढे ढकलून शीर भरतो आणि आतल्या अस्तराला चिकटून बसतो. अस्तर भाजल्यासारखं होतं, शीर आकसते, भिंती चिकटतात आणि महिन्यांमध्ये तिची दोरी होऊन शरीर ती जिरवून टाकतं. स्क्रीनवर शीर काळी दिसते, फेस शिरला की पांढरीशुभ्र चमकते, मला मान वळवून बघायला मिळालं. पाय उंच धरला होता आणि मधे मधे पंजा वर-खाली करायला लावत होते, म्हणजे चुकून खोल शिरेत गेलेला फेस पोटरीच्या पंपाने धुऊन निघतो. एका वेळी साधारण १० मिलिलिटरच्या वर फेस देत नाहीत, म्हणूनच मोठ्या पायाला सिटिंग वाढतात.

दुखतं का? सुई टोचल्यासारखी टोचते, नंतर थोडी जळजळ आणि पोटरीत आवळल्यासारखं. पण सुईच्या जागी एकदम असह्य कळ उठली तर मर्दपणा दाखवत गप्प बसू नका, ओरडा. औषध शिरेबाहेर किंवा धमनीत गेलं तर कातडी मरू शकते, डॉक्टरला तिथल्या तिथे कळलं पाहिजे. खोकल्याची उबळ, छातीत दडपण, डोळ्यापुढे काजवे यातलं काहीही झालं तरी सांगा, बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप जातं पण सांगायचंच. मला दोन मिनिटं खोकला आला होता.

मग शिरेवरून कापसाची लांब घडी, वरून स्टॉकिंग, आणि "आता अर्धा तास चाला". आरामात पडून राहायचं नाही, चालायचं, म्हणजे खोल शिरांमधलं रक्त हलतं राहतं. मी हॉस्पिटलच्या आवारात चहाच्या टपरीपर्यंत नऊ चकरा मारल्या, बायको बाकावर बसून मोजत होती.

पुढचे पंधरा दिवस

मला पहिले दोन दिवस रात्री पण स्टॉकिंग ठेवायला सांगितलं आणि पुढे दोन आठवडे फक्त दिवसा. डॉक्टरागणिक हे बदलतं, तुमच्या कागदावर असेल ते खरं. घालायची एक पद्धत आहे. अंथरुणातून उठायच्या आधीच, सूज चढायच्या आत. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करा, आधी पंजा आणि टाच नीट बसवा आणि मग तळव्याने सारत सारत वर. नखाने ओढू नका, फाटतं. वरची कड दुमडून ठेवायची नाही, ती दोरीसारखी काचते. बोटं निळी पडली, बधिर झाली की लगेच काढा आणि फोन करा.

आंघोळीला मी दोन दिवस पाय मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टुलावर काढला. कडकडीत पाणी नको, कोमट चालतं. रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालणं. जिममध्ये वजन उचलणं बंद. लांब बसायला लागलंच तर दर तासाला उठून चार पावलं, गाडीत असाल तर पंजे हलवत राहा. मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पण एका जागी खांबासारखं उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट, म्हणून उंच फिरतं स्टूल आणलं आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे जागच्या जागी कवायत. पोरं हसायची, हसू दे.

दहाव्या दिवसाच्या आसपास खरा घोटाळा झाला. स्टॉकिंग काढून हात फिरवला तर शिरेच्या जागी मनुक्यासारख्या टणक गाठी, दाबलं की दुखतात, वर कातडी तपकिरी. मी धरून चाललो की पैसे गेले. फोन केला तर डॉक्टर म्हणाले या, हे होतंच. बंद झालेल्या शिरेत थोडं रक्त अडकून राहतं. त्यांनी सुईने भोक पाडून दाबलं, आतून काकवीसारखं काळंभोर रक्त निघालं, आणि जाग्यावर दुखणं निम्मं. हे काढून घेतलेलं चांगलं, डाग कमी पडतो म्हणतात. डाग पडतोच बऱ्याच जणांना, बहुतेकांचा सहा महिने-वर्षात फिका होतो, थोड्यांचा राहतो. काहींना त्या भागात बारीक लाल जाळी पण उठते. लग्नाच्या फोटोसाठी पाय गोरे करायला जाणाऱ्या मुलींनी एवढं आधी माहीत करून घ्यावं.

हे झालं तर वाट बघायची नाही

गाठी, थोडा लालसरपणा, ओढल्यासारखं वाटणं ठीक आहे. पण पूर्ण पाय किंवा पोटरी एकदम सुजली आणि ठणकायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण खोल शिरेत गुठळी असू शकते. धाप लागली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा पडला, नजर गेली, तर डॉक्टरच्या फोनची वाट न बघता १०८ किंवा जवळची कॅज्युअल्टी. इंजेक्शनच्या जागी कातडी काळी पडून फोड आला तरी दाखवा. हे सगळं क्वचित होतं, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला पण वाचून दाखवा, कारण त्या वेळी फोन तोच करणार असतो.

नंतरचे डॉप्लर

पहिला साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत, खोल शिरा मोकळ्या आहेत ना आणि शीर बंद झाली ना ते बघायला. हा चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून लोक जातच नाहीत. माझ्या पहिल्या सिटिंगनंतर एक फांदी अजून उघडी होती, पायावर हात फिरवून काही कळत नव्हतं, स्क्रीनवरच दिसली. सहा आठवड्यांनी तेवढ्यापुरता परत फोम दिला, त्या वेळी दहा मिनिटं पण लागली नाहीत. सहा महिन्यांनी अजून एक डॉप्लर झाला, बंद आहे. पुढे वर्षातून एकदा बघू म्हणाले, कारण शिरा बंद केल्या तरी झडपा खराब व्हायचा स्वभाव अंगात राहतोच.

आता संध्याकाळचं पाय भरून येणं बरंच गेलंय, रात्रीचे गोळे बंद. गुडघ्याच्या आत बोटभर तपकिरी पट्टा आहे तो फिका होत चाललाय, घोट्यावरची जुनी काळी कातडी मात्र तशीच, ती लगेच जाणार नाही असं आधीच सांगितलं होतं. दुकानात उभं असताना स्टॉकिंग अजून घालतो, गुडघ्यापर्यंतचं. त्याचं इलॅस्टिक सहा महिन्यांत सैल पडतं तेव्हा नवं घ्यावं लागतं, दोन जोड ठेवले की धुवायला सोपं. त्याच डॉप्लरला उजव्या पायातली पण एक झडप थोडी गळताना दिसली. सध्या त्रास काही नाही, त्यामुळे त्याला पण स्टॉकिंग चढवलंय आणि पुढच्या पौषात बघू.